मुलीची आई

“तूच जाय व लिला, तूच ने पोहे,” रत्नमाला म्हणाली आणि ट्रे बहिणीच्या हातात देऊन स्वतः गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

लिलाबाई ट्रे घेऊन दारात घुटमळली. बाहेरच्या खोलीत कारंज्याकडचे पाहुणे बसले होते. पौर्णिमाला पाहायला आलेले. मुलगा उत्कर्ष तलाठी, सरळ चेहऱ्याचा. त्याची आई वच्छलाबाई, वडील आणि बोलायला पुढे असणारे मामा. त्यांच्यासमोर पौर्णिमाचे वडील, म्हणजे देवमन, खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसले होते.

“अवं ताई, मुलीची आई तू हायेस. मी कायले पुढं पुढं करू?”

“माह्यं तोंड पाहून उठून जातीन ते. जाय म्हणते नं.”

लिलाबाई गेली. मानोऱ्याहून ती मुद्दाम कामात मदत करायला आली होती, आणि ताईच्याच आग्रहाने तिने ताईची जांभळी साडी नेसली होती. लहानपणी या दोघी बहिणींना शेजारपाजारचे लोक एकमेकींच्या नावाने हाका मारायचे, इतक्या त्या सारख्या होत्या. आता रत्नमालेचा तो जुना चेहरा लिलाबाईकडेच राहिला होता. रत्नमालेकडे जो होता तो तिलाही परका वाटायचा. जबडा पुढे आलेला, भुवयांवरचं हाड उंच झालेलं, नाक पसरलेलं, दातांत फटी पडलेल्या आणि जीभ तोंडात मावत नसल्यासारखी.

हे एका दिवसात झालं असतं तर गावात, इंझोरीत, बोंब उठली असती. पण झालं ते वर्षानुवर्षांत, हळूहळू. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. रत्नमाला अंगणवाडी सेविका; उभं आयुष्य लेकरांची उंची आणि वजनं मोजण्यात गेलेलं. कोणाचं पोर वाढत नाही हे ती लांबून सांगायची. पण आपलं काही वाढतंय हे तिला कळलं तेव्हा बोटातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती.

बायका म्हणायच्या, “चांगल्या भरल्या हो बाई, मानधन वाढलं वाटते!” तीही हसायची. मग आवाज जाड झाला. तालुक्याहून फोन यायचा आणि पलीकडून मॅडम म्हणायच्या, “भाऊ, जरा रत्नमालाबाईंना द्या.” पहिल्यांदा तिने “मीच बोलून राह्यली” असं सांगितलं. नंतर नंतर ती “देतो” म्हणायची, फोन थोडा वेळ पदरात धरायची आणि आवाज बारीक करून पुन्हा बोलायची. गावात बुद्धवंदना घ्यायची ती तिनेच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. तोही तिने घसा धरलाय म्हणून सोडला.

चपलांचा तर किस्साच झाला. बायकांची चप्पल पायात जाईना, तेव्हा ती मानोऱ्याच्या दुकानातून पुरुषी चप्पल न्यायला लागली. “आमच्या मालकाले पाहिजे,” म्हणायची. एकदा देवमन स्वतःच त्या दुकानात गेले. दुकानदाराने ओळखलं आणि काही न विचारता नऊ नंबरचा जोड पुढे टाकला. देवमन चणीने लहान, पाय पोराएवढे. दुकानदार म्हणाला, “पाय आटले काय हो तुमचे?” देवमनने पैसे मोजले. तोच जोड घेऊन घरी आले, दाराशी तिच्या बाजूला ठेवला आणि पाणी सोडायला टाकीवर निघून गेले. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. रत्नमाला त्या दिवशी चपलांकडे पाहत उंबऱ्यात बसून राहिली. नवऱ्याला कळलं याची लाज, आणि तो बोलला नाही याची त्याहून जास्त.

बाहेरून वच्छलाबाईंचा खणखणीत आवाज आला, “या विहीणबाई, तुमीबी बसा की आमच्यासंग.”

विहीणबाई म्हणजे लिलाबाई. स्वयंपाकघरात रत्नमालेचा हात थांबला. आता कोणीतरी म्हणेल, ही आई नव्हे, मावशी. लिलाबाई बावचळून नुसतीच हसली. देवमन पंख्याकडे पाहू लागले. पौर्णिमाने मान खाली घातली. पाहायला आलेल्यांसमोर मुली मान खाली घालतातच, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. आणि ते चुकीचं नातं तसंच खुर्चीवर बसून राहिलं.

थोड्या वेळाने वच्छलाबाई हात धुवायला आत आल्या. मागोमाग टॉवेल घेऊन पौर्णिमा. रत्नमालेने पदर तोंडावर ओढला, पण हात कुठे लपवणार? बेसिनची तोटी उघडून देताना ते दिसलेच. फावड्यासारखे रुंद, बोटं जाडजूड.

“पोहे तुमीच केले काय व बाई? मस्त झाले. तुमी कोण?”

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर देण्यासाठी बाईला जन्मात कधी विचार करावा लागत नाही. रत्नमाला म्हणाली, “मी... स्वयंपाकाले आली.”

“हाताले चव हाय तुमच्या. आमच्याकडच्या कार्यातबी या बरं.”

“येईन.”

पौर्णिमा टॉवेल धरून उभी होती. तिने तो वच्छलाबाईंपुढे केला. वच्छलाबाईंनी हात पुसले आणि तिच्या गालाला बोट लावून त्या बाहेर गेल्या. मायलेकी उरल्या, पण एकमेकींकडे पाहायला दोघींनाही धीर झाला नाही. रत्नमाला बशा विसळायला लागली.

होकाराचा फोन त्याच संध्याकाळी आला. घरात आनंद झाला, आणि आनंदातच एक कुसळ रुतून बसलं. आता त्यांना खरं सांगायला पाहिजे. ते काम देवमनकडे आलं. देवमन रोज फोन लावायचे. सोयाबीन कसं आहे, पाऊस किती झाला, कारंज्यात उकाडा किती, सगळं विचारायचे. मग म्हणायचे, “बरं, ठेवतो.” रत्नमाला समोर उभी राहून ऐकायची आणि फोन ठेवला की तिला सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीही तिला लाज वाटायची.

याच दिवसांत गावच्या आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टरीण आली. रत्नमाला तिच्याकडे हाताच्या मुंग्यांची तक्रार घेऊन गेली होती. गोळ्या घेऊनही साखर खाली येत नाही, घाम तर थंडीतही थांबत नाही, हेही तिने सांगितलं. डॉक्टरीण तिचे हात हातात घेऊन बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, “काकू, अकोल्याला माझे सर आहेत. त्यांना दाखवाच.”

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखरेचं पाणी पाजून पुन्हा तपासलं, डोक्याचा फोटो काढवला. रिपोर्ट घेऊन नवरा-बायको समोर बसले तेव्हा त्यांनी विचारलं, “यांचा एखादा जुना फोटो आहे का?”

रत्नमाला नाही म्हणायला गेली, तोवर देवमनने खिशातलं पाकीट काढलं. आधार कार्डाच्या मागून एक छोटा फोटो निघाला. लग्नानंतरच्या वर्षातली रत्नमाला, दोन वेण्या पुढे घेतलेली. हा फोटो ते जवळ बाळगतात हे तिला माहीत नव्हतं. एखाद्या बाईला बरं वाटलं असतं. तिला वाटलं, हे तोंड यांच्या खिशात आणि आपण शेजारी, रोज ताडून पाहत असतील. तिने नजर टेबलावर खिळवली.

डॉक्टरांनी फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. “मावशी, तुमच्यात दोष काही नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती वाढीचं संप्रेरक रक्तात सोडते. लहानपणी आपण वाढतो ते त्याच्यामुळे. तुमच्या त्या ग्रंथीवर छोटी गाठ झालीय आणि ती हे संप्रेरक सोडतच राहिलीय. दहा-बारा वर्षं तरी.”

“पण मी वाढाची ते कवाचीच वाढली होती, साहेब.”

“तेच तर. लहानपणी हाडांची टोकं मोकळी असतात, हुकूम आला की हाड लांब होतं. वयात आल्यावर ती टोकं जुळतात. मग हुकूम आला तरी लांब व्हायला जागा नाही, म्हणून हाड जाड होतं. जबडा, कपाळ, हात, पाय. हा हुकूम यकृतालाही जातो. यकृत त्यावरून आपला दुसरा निरोप अंगभर पाठवतं, त्याने जीभ वाढते, घशातली पेटी वाढते म्हणून आवाज जाड होतो, कातडी जाड होते, घाम सुटतो. चरबीला तेच संप्रेरक सांगतं, वितळ. आणि साखर पेशीत शिरू देत नाही, म्हणून ती रक्तात राहते. मुंग्या येतात त्या मनगटातली शीर दाबली गेल्यामुळे. ऐकणारे सगळे वेगवेगळे, म्हणून दुखणंही वेगवेगळं वाटतं. मूळ एकच.”

 देवमन खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे साहेब, टाकीचा वॉल्व्ह बंद कराचा राह्यला. पाणी एकच, पण कोणाच्या अंगनात चिखल अन् कोणाची वाडी हिरवी.”

“बरोबर. एरवी यकृताचा निरोप उलटा वर जातो, ‘बास झालं,’ आणि ग्रंथी थांबते. या गाठीला तो ऐकूच येत नाही. नागपूरला नाकातून ऑपरेशन करून ती काढता येते. उशीर करू नका, गाठ डोळ्यांच्या नसांजवळ गेली आहे.”

रत्नमालेच्या मनात या सगळ्यापेक्षा मोठा एक प्रश्न होता. तो तिने खाली पाहूनच विचारला. “साहेब, हे लेकीत उतरते काय?”

“सहसा नाही. लाखात एखाद्या घरात. तुमच्याकडे दुसऱ्या कोणाला आहे का असं? नाही ना? मग लेकीची काळजी नको.”

“अन् माह्यं तोंड? पयल्यासारखं?”

डॉक्टरांनी फोटो देवमनला परत दिला. “सूज उतरेल. हात हलके वाटतील, घाम कमी होईल, साखर ताब्यात येईल. पण हाड वाढलं ते वाढलं, मावशी. ते मागे जात नाही.”

परतीच्या एसटीत रत्नमाला खिडकीशी बसली. लेकीला धोका नाही, ही केवढी मोठी गोष्ट कळली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोक्यात वच्छलाबाई हात धुवत होत्या. तिने लेकीसाठी तोंड लपवलं, असं ती आजवर स्वतःला सांगत आली होती. आता ते कारणच उरलं नव्हतं. उरलं ते एवढंच, की एका बाईने तू कोण म्हणून विचारलं आणि ती आपल्या पोरीची आई आहे असं म्हणाली नाही. आणि हे तोंड तर आता जन्माचं होतं. किती कार्यांत ते गॅसकडे वळवून ठेवणार?

“त्यायले सांगा आता,” ती देवमनला म्हणाली.

“सांगतो,” देवमन म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस आला.

युक्ती लिलाबाईने काढली. साक्षगंध घरासमोरच्या मांडवात, रत्नमालेने आत स्वयंपाकाकडे थांबायचं, गावातल्यांना सांगायचं की तिला बरं नाही, नागपूरला जायचंय. खोटं असं काही नाहीच त्यात. लिलाबाईने आजचा दिवस पुढे बसायचं. एकदा अंगठी घातली गेली की मग सावकाश, गोडीने सांगता येईल. पौर्णिमा हे सगळं ऐकत होती. “आई, तुले चालीन काय?” एवढंच तिने विचारलं. रत्नमाला म्हणाली, “मले काय होते?” पोरीने पुन्हा विचारावं असं तिला फार वाटलं. पोरीने विचारलं नाही.

मांडव भरला. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. खिडकीच्या जाळीतून रत्नमालेला पाठमोरी गर्दी दिसत होती. वंदनेसाठी सगळे उभे राहिले, तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “रत्नमाला कुठं हाय? वंदना तेच घेते आपल्याकडं. बोलवा तिले.”

“तिले बरं नाही, आजी,” देवमन घाईने म्हणाले. मग दुसऱ्या कोणीतरी सुरुवात केली.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. रत्नमाला हात जोडून गॅसपाशी उभी होती. सवयीने तिचे ओठ हलत होते. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून ते तिने हजारदा म्हटलं होतं, पोरांकडून म्हणवून घेतलं होतं. आज ओठ तिथेच थांबले. आणि मांडवातल्या त्या सगळ्या आवाजांत तिला एक आवाज वेगळा ऐकू आला, पौर्णिमाचा. स्वच्छ, कोवळा. साक्षगंधाचा शालू नेसून तिची लेक तसबिरीसमोर म्हणत होती, मी खोटं बोलणार नाही. आणि तिच्या शेजारी आई म्हणून मावशी उभी होती.

हे आपण पोरीला काय करायला लावलं? रत्नमालेला आतून एकदम भडभडून आलं. चेहऱ्याची लाज तिला रोजची होती, अंगवळणी पडलेली. ही लाज तशी नव्हती.

वंदना संपली. वच्छलाबाईंनी पिशवीतून साडी काढली. “अगुदर विहीणबाईले देऊ द्या,” म्हणत त्या लिलाबाईकडे वळल्या.

“थांबा.”

कोण पुरुष बोलला म्हणून बायकांनी मागे पाहिलं. घराच्या दारात रत्नमाला उभी होती. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता.

“लिलाले देऊ नका ते साडी. ते माही बहीण हाय. पौर्णिमाची आई मी हाव.”

वच्छलाबाई साडी धरून तशाच राहिल्या. “तुमी? तुमी तं स्वयंपाकाले आल्या म्हणल्या होत्या.”

“हो. मीच म्हणली.”

“काहून?”

“लाज वाटली. या तोंडाची. तुमी पोरीले नाही म्हणसान, असं वाटलं.” तिची जड जीभ अडखळत होती, तिने अडखळू दिली. “मले बिमारी हाय. डोक्यात गाठ हाय, तिच्यानं हाडं वाढून राह्यले. डॉक्टर म्हणते पोरीत उतरत नाही. पण उतरत असतं तरीबी मी सांगाले पाहिजे होतं. त्या दिवशी तोंडाची लाज होती. आता त्या बोलण्याची हाय.”

 मग उत्कर्षचे मामा उठले. “तोंडाचं सोडा हो. बिमारी काय, कोणालेबी येते. पण आमाले घरात बसवून, चहा पाजून खोटं बोलले तुमी. सारे मिळून! उद्या अजून काय निघीन? चला भाऊजी, उठा.”

साक्षगंधाला आलेले पाहुणे न जेवता उठले की सोयरीक मोडली, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. देवमन हात जोडून पुढे झाले. “माह्यावर होतं सांगाचं. रोज फोन करो. तोंडातून निघेचना.”

“मामाजी,” पौर्णिमा म्हणाली. ती रडत होती. “आई एकटी नाही बोलली खोटं. तवा मी तिथंच उभी होती. मले आईची लाज वाटली. तिच्यापेक्षा माही चूक मोठी हाय.”

हे ऐकून रत्नमालेने डोळे मिटले. ते तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भर मांडवात ऐकणं वेगळं. पोरीने ते सांगितलं म्हणून तिला अभिमान वाटला, आणि ते खरं होतं म्हणून काळजाला घरं पडली. दोन्ही एकाच वेळी.

उत्कर्ष आईकडे पाहत होता, वडीलही. सगळे वच्छलाबाईंकडेच पाहत होते. त्यांनी साडी घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली. “गावचे लोक उपाशी हायेत,” त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. “पंगत तं बसू द्या.”

पंगत बसली. मामा हाताची घडी घालून बसले. आज वाढायला रत्नमाला स्वतः निघाली. लिलाबाई पोळ्यांची टोपली घेऊन मागे होती. रत्नमालेच्या हातात वांग्याच्या भाजीची बादली, कपाळावरून घाम गळत होता, बायाबापड्या तोंड वर करून तिच्याकडे पाहत होत्या. आज तिने कोणाची नजर चुकवली नाही. वाढत वाढत ती वच्छलाबाईंपाशी आली आणि वाकली.

वच्छलाबाईंनी ताटावर आडवा हात धरला.

एरवी एका विहिणीने हात आडवा धरला की दुसरीने आग्रह करायचा असतो. हात बाजूला सारून वाढायचं असतं. पण आग्रह करायला हक्क लागतो, आणि तो आज आपल्याकडे नाही हे रत्नमालेला ठाऊक होतं. ती पळी भरून तशीच थांबली. मागेही सरली नाही. अख्खी पंगत त्या ताटाकडे पाहत होती.

वच्छलाबाई त्या पळीच्या दांड्याभोवतीच्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग नजर वर गेली, चेहऱ्यावर. पहिल्यांदाच त्या तो नीट पाहत होत्या आणि रत्नमाला पाहू देत होती.

त्यांनी हात काढून घेतला.

“थोडीच वाढा,” त्या म्हणाल्या.

रत्नमालेने थोडीच वाढली.